घाईचा आलेख

बीडच्या कॉलेजातलं ते चुंबकाचं यंत्र पुण्याहून निकालात निघून आलेलं, म्हातारं आणि महाहट्टी. बारीक नळीत लघवीचा नमुना घातला की शरीरातल्या एकेका द्रव्याची रेघ कागदावर उमटायची. पण एका नमुन्याला अख्खी रात्र! त्यावर संशोधन करणाऱ्या शिवांजलीला तो वेळ तोडायचा होता. तिकडं नेकनूरला तिची आई शिवम्मा खंगत चालली होती, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं, आणि असं रात्र रात्र थांबायला पोरीपाशी धीर कुठला?

धाकटा भाऊ संगमेश आईचा नमुना बर्फात घालून एसटीनं पाठवायचा. ताडून बघायला निरोगी माणसाचाही नमुना लागतो, म्हणून शिवांजली स्वतःचा घ्यायची. आधी आईची नळी, मग आपली.

हिवाळा सरताना जमलं एकदाचं. वेणी घालून होईतो आलेख हातात! आईच्या आलेखात मोसंबीची रेघ ठळक आली होती. हरखून तिनं संगमेशच्या, घरालगतच्या दुकानावर फोन लावला.

"आईनं काल मोसंबी खाल्ली व्हय रे?"

"न्हाई ताई. आत्ता आणलीय. सोलतीय बघ."

नमुना तर सकाळचा होता. यंत्राला म्हातारचळ लागला म्हणून शिवांजली हसली खरी, पण नमुन्यावरची वेळ तिनं दोनदा ताडून पाहिली. तरी घाई सुटेना. तिनं वेळ आणखी तोडला. आता आईला उद्या द्यायचं औषध आजच कागदावर दिसू लागलं.

मग एके दुपारी आलेख कोरा आला. साखरेची रेघ नाही, कशाचीच नाही. नुसतं पाणी. म्हणजे पुढं माणूसच नाही.

"आई गं!" शिवांजली खालीच बसली. रडत रडत तिनं नळी बाहेर काढली.

नळी तिची स्वतःची होती. घाईत आधी तीच घातली गेली होती.

तिनं आईची नळी घातली. सगळ्या रेघा भरघोस, जागच्या जागी.

खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. डोळे पुसून तिनं नेकनूरची एसटी धरली.

शिवम्मा उठून बसली होती. "काय निघालं गं मशीनीत?"

"तू बरी होणार. लई जगणार."

"आन् तुजं?"

"माझं काय बघायचंय!" शिवांजलीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

कितीतरी दिवसांनी शिवम्मानं स्वतःच्या हातानं चहा केला. शिवांजलीनं घोट घेतला.

"आई, साखर ऱ्हायली की."

शिवम्मानं तोच कप तोंडाला लावला. "अगं बया, निस्ता पाक झालाय!"

शिवांजलीनं कप परत घेतला आणि तिच्या जिभेला नुसतं गरम पाणी लागणारा तो चहा सावकाश पिऊन टाकला.