सात बावन्नचा निरोप

“मॅडम, विमानावर तक्रार लिहून देता का?”

मोनालीनं मान वर केली नाही. कोहमाऱ्याच्या चौकात, दोन ढाब्यांच्या मधोमध तिचं श्रीहरी ऑनलाइन सेंटर. सकाळपासून धानाच्या नोंदणीची रांग, प्रत्येकाच्या हातात सातबारा, आणि बाहेर हायवेवर ट्रकांची न संपणारी धडधड.

“कशावर भाऊ?”

“विमानावर.”

आता मात्र तिनं पाहिलं. नागझिऱ्याच्या जंगलातल्या गाईडचा हिरवट शर्ट, बाहीवर रस्त्याची धूळ आणि दूरवर पाहायची सवय लागलेले डोळे... ते डोळे तेवढ्यापुरते अगदी जवळ, तिच्यावरच येऊन थांबले होते. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला.

“मी अश्विन कापगते. माह्या मायले बालाजीच्या दर्शनाले नेऊन राहिलो होतो. बिरशीच्या विमानतळावरून हैदराबाद, तिथून पुढं. मंगळवारी दुपारी दोन वीसचं विमान. गेलो तर म्हणते रद्द!”

मोनालीनं कागद उलगडला. उमरावमामांनी बहीण-भाच्यासाठी तिच्याकडूनच काढून घेतलेलं तिकीट. मामा ट्रकवर असतात, जाता जाता थांबले होते, घाईत होते... तिला सगळं आठवलं. कागदाच्या खालच्या ओळीत संपर्क क्रमांक होता, आणि तो तिच्याच दुकानाचा होता.

तिनं कागद पुन्हा चार घड्यांचा केला.

आता यात नवल असं काही नाही. त्या भागातल्या निम्म्या लोकांच्या फॉर्मवर मोनालीचाच नंबर. म्हाताऱ्यांकडं फोन नसतो, असला तर रिचार्ज नसतो, दोन्ही असलं तर निरोप वाचता येत नाही. शिष्यवृत्ती असो की रेशनकार्ड, साऱ्या गावांचे निरोप त्या एका फोनवर येऊन पडत. दिवसाला दोनशे. आणि त्या सोमवारी संध्याकाळी... त्या सोमवारी तर सप्ताहातलं कीर्तन होतं. बाबा, म्हणजे यादोराव, मृदंगावर. मोनाली पुढच्या ओळीत मांडी घालून, आणि फोन मुका करून पिशवीच्या तळाशी. बुवांनी असा काही रंग भरला होता की टाळकऱ्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्या दिवशी दुनियेचे निरोप पाहायला तिला सवडच नव्हती.

“निरोप नाही आला?” तिनं विचारलं. आपलाच आवाज तिला परका वाटला.

“कंपनीवाले म्हणतात, नंबरवर पाठवला. मामाले फोन केला, त्याले काहीच नाही आला. खोटं बोलून राहिले मॅडम!” मग त्याचा आवाज खाली आला. “पैसे आले मामाच्या खात्यात परत. पैशाचं नाही. गावातून टेम्पो भरून बाया आल्या होत्या मायले पोहचवाले. फाटकापाशी ओवाळलं तिले. नवं पातळ नेसून तीन तास बसली होती बिचारी. आता गावात तिचं नावच पडलं, विमानवाली. शेजारची रुख्माकाकू म्हणते, पोरानं खोटं तिकीट आणलं. माय घराबाहेर नाही निघून राहिली.” तो पुढं झुकला. “कंपनीनं भरपाई दिली, चुकी कागदावर मानली, तर तो कागद गावाले दाखवता येईल. बस, एवढंच पाहिजे.”

सांग... आत्ताच सांग, मोनालीचं मन म्हणालं. आणि तिच्या बोटांनी तक्रारीचं पोर्टल उघडलं.

“‘आम्हाला कोणताही संदेश मिळाला नाही.’ असं लिहू?” तिनं विचारलं.

“हो. खरंच आहे ना ते.”

शब्दाला शब्द खरंच होतं. तरी टाइप करताना तिनं ‘कोणताही’ हा शब्द दोनदा खोडला. संपर्काच्या रकान्यात या वेळी तिनं त्याचाच नंबर टाकला.

“येतो मॅडम,” म्हणून तो गेला. दुकान रिकामं झाल्यावर तिनं फोन उघडला. शेकडो निरोपांच्या ढिगाऱ्याखाली तो होता. सोमवार, संध्याकाळ, सात वाजून बावन्न मिनिटं. आपले विमान रद्द झाले आहे...

पुसून टाकावा का? अंगठा त्यावर जाऊन थांबला. पुसवला नाही, आणि सांगवलाही नाही.

तो तिसऱ्या दिवशी आला. मग पाचव्या दिवशी. मग तर उत्तर आलं का हे पाहायला रोजच. उत्तर त्याच्याच फोनवर येणार होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

“आज ‘भाऊ’ नाही म्हटलं मॅडम?”

मोनालीच्या हातातलं आधारकार्ड खाली पडलं. “...विसरली असेन.”

“मंग विसरूनच राहा,” तो म्हणाला आणि बाहेर ट्रककडं बघू लागला... जणू ट्रक कधी पाहिलाच नव्हता.

तीही काही कमी नव्हती. “तुम्ही लोकांना वाघ दाखवता ना?”

“वाघ कोणी दाखवत नाही. तो दिसते. आमी फक्त चूप बसाले सांगतो.”

“अन् नाही दिसला तर? भरपाई मागतात?”

“मागतात ना! एक साहेब म्हणे, वाघ रद्द झाला, पैसे परत करा.”

“मग?”

“मंग त्याहिले सांबर दाखवलं. म्हटलं साहेब, हे पाहून घ्या, वाघ हेच खाते.”

ती खळखळून हसली आणि हसता हसता एकदम थांबली. त्यानं ते टिपलं. “जंगलात पान हललं तरी आमाले समजते मॅडम. तुमी हसता अन् मधेच भेता. काऊन?”

“काही नाही... लाइट जाते की काय वाटलं.”

घरी देवापुढं हात जोडले की तिला नामाचा विसर पडे. बुवांनी त्याच कीर्तनात पूर्वरंगात सांगितलं होतं, की लपवलेली चूक कणगीत ठेवलेल्या ओल्या धानासारखी असते. वरून दिसत नाही, आतून तापत जाते. किती माना डोलवल्या होत्या तिनं! आता त्याची मोटारसायकल चौकात वळली की आवाजावरून तिला कळे. छातीत आधी आनंद उठे आणि त्याच्या पाठोपाठ धाक... आणि दोन्ही एकमेकांचा हात धरूनच येत.

माघातली ती दुपार होती. अवेळीच आभाळ भरून आलं, टिनावर पाऊस तडतडू लागला आणि रांगेतले लोक ढाब्यांकडं पळाले. अश्विन ओलाचिंब होऊन आत शिरला. केसांतून पाणी निथळत होतं. मोनालीनं टॉवेल पुढं केला. बोटांना बोटं लागली. कोणी हात पटकन मागं घेतला नाही...

“उत्तर आलं,” तो म्हणाला. हसू नव्हतं.

तिनं वाचलं. कंपनी म्हणत होती, सोमवारी सकाळीच संदेश पाठवला आहे. चोवीस तासांच्या आधी कळवलं असल्यामुळे भरपाई लागू होत नाही. हरकत असल्यास सात दिवसांत पुराव्यासह कळवा.

“पुरावा कुठून आणू?” तो बाकावर बसला. “जाऊ द्या मॅडम. थकलो. आज गावात सांगून टाकतो, तारीख मीच चुकलो म्हणून. मले हसले तर हसू दे. माय तरी बाहेर निघेल.”

पाऊस वाढला. मोनालीला कळलं, आता फक्त गप्प राहायचं आहे. एवढंच केलं की सगळं मिटतं. तो येत राहील, हसत राहील, आणि कधीच कोणाला काही कळणार नाही. तो मात्र तिच्या वाटची हसाई डोक्यावर घेऊन हिंडेल.

तिनं फोन उचलला. एवढे निरोप वर सारता सारता तिला वाटलं, हा सापडूच नये... आणि तो सापडला. तिनं फोन त्याच्यासमोर ठेवला.

अश्विननं एकदा वाचलं. मग परत वाचलं.

“हा फोन...”

“माझा. तिकीट मीच काढून दिलं होतं, उमरावमामांना. नंबर माझाच टाकला होता. त्या संध्याकाळी मी कीर्तनात होती. पाहिलंच नाही. तुम्ही आले त्या दिवशी पाहिलं.”

“पहिल्याच दिवशी?”

“हो.” तिनं वेळेच्या ओळीवर बोट ठेवलं. “पण वेळ पाहा. सोमवारी संध्याकाळी सात बावन्न. विमान मंगळवारी दोन वीसचं. अठराच तास होतात. चोवीसच्या आत. कंपनीचं सकाळचं म्हणणं खोटं आहे. दुकानाच्या ईमेलवरही तोच निरोप आलाय, हीच वेळ आहे. यावर तुम्हाला भरपाई मिळते. मिळतेच.”

तो उभा राहिला. टॉवेल घडी करून त्यानं बाकावर ठेवला. इतका नीट, इतका सावकाश, की तिला त्याचीच भीती वाटली.

“माही माय तीन तास बसली होती,” तो म्हणाला. “तुमी एकदा पाहिलं असतं तर घरीच राहिली असती. अन् महिनाभर मी इथं येऊन...” त्यानं वाक्य सोडून दिलं. हेल्मेट उचललं. “जातो.”

आपल्याकडं निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. मोनाली त्या एका शब्दाकडं बघत राहिली, आणि तो भर पावसात निघूनही गेला.

त्याच दिवशी तिनं स्वतःच्या नंबरावरून हरकत दाखल केली. निरोपाचं चित्र, ईमेल, आणि आपल्या सहीचं निवेदन: नंबर माझा, निरोप मी वाचला नाही, आला तेव्हा इतके वाजले होते.

एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. हिरवा शर्ट दिसला की ती खुर्चीतून अर्धी उठे; दुसराच कोणी निघे. एका जेवणाला तर तिनं भाजीत मीठच टाकलं नाही. यादोरावांनी मुकाट्यानं खाल्लं, मग म्हणाले, “बाई, मृदंगावर सम चुकली तर आमी वाजवणं थांबवून रडत नाही बसत. पुढच्या आवर्तनात धरतो. तू कायले थांबली?”

अकराव्या दिवशी पोर्टलवर पत्र दिसलं. तिनं छापून घेतलं, गाडी काढली, आणि रस्ताभर नामस्मरण करत गेली. नाम तोंडात, आणि जीव मात्र कुठल्या कुठं.

अश्विनच्या घरच्या अंगणात त्याची माय पार्वताबाई सुपात लाखोरीची डाळ निवडत होत्या. शेजारी रुख्माकाकू. पलीकडं अश्विन बाजेची दोरी ताणत होता. तिला पाहून दोरी त्याच्या हातातून सुटली.

“मी ऑनलाइन सेंटरवाली मोनाली, काकू. तुमचं पत्र आलं.” आणि तिनं उभ्यानंच वाचलं. विमान रद्द झाल्याची सूचना वेळेत न दिल्याबद्दल कंपनी दिलगीर आहे, दोन्ही प्रवाशांची भरपाई मंजूर केली आहे.

“म्हणजे तिकीट खरंच होतं व माय!” रुख्माकाकूंच्या तोंडाचा चंबू झाला.

पार्वताबाईंनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, पदरानं पुसलं. इथंच थांबता आलं असतं. मोनालीनं डोळे मिटून घेतले.

“अजून आहे काकू. कंपनीनं उशिरा कळवलं, पण कळवलं होतं. माझ्या फोनवर. मी पाहिलं असतं तर तुम्हाला तिथं बसावं लागलं नसतं. तुमच्यावर लोक हसले ते माझ्यामुळं. अन् हे कळूनही मी महिनाभर लपवलं.” आणि तिनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सूप थांबलं.

“कुठं होती तू?” पार्वताबाईंनी विचारलं.

“कीर्तनात.”

“गळा कसा होता बुवाचा?”

मोनालीनं चमकून वर पाहिलं. “चांगला... फार चांगला होता.”

“मंग तेवढं तरी पुण्य झालं.” त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. मग मात्र डोळे रोखले. “पण पोरी, तुले कळलं होतं तर महिनाभर काऊन नाही सांगतलं? कोणाचा धाक होता? कंपनीचा? का माहा?”

मोनालीनं एकदा बाजेकडं पाहिलं. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

“कोणाचा नाही काकू. सांगितलं तर... हे यायचे बंद होतील, याचा.”

रुख्माकाकूंनी पदर तोंडाला लावला. अश्विन दोरीच्या गुंत्यात पाय अडकवून तसाच उभा, कानापर्यंत लाल. मग तो बोलला, मायकडं बघत, पण तिच्यासाठी.

“बंद कुठं झालो मी... रोज चौकापर्यंत येऊन राहिलो होतो. ढाब्यासमोर गाडी लावून दुकान पाहत होतो. आत यावं म्हणे मन, अन् राग म्हणे थांब. मंग अंधार पडाच्या आत परत.”

“दहाही दिवस?” मोनालीनं विचारलं. आवाज अगदीच बारीक निघाला.

“अकरा. आज सकाळीही आलो होतो.”

“अस्सं!” पार्वताबाई कडाडल्या. “अन् मी म्हणून राहिली, गाडीतलं पेट्रोल चोर नेते का भूत! रुख्मा, उठ व, चूल पेटव. पोरगी जेवल्याशिवाय जात नाही. अन् तू रे, दोरी सोड पायातली. पाट मांड तिले. का तेही कंपनीले लिहून कळवाचं?”