ऐंशीची मांजर

"फळीवरची मांजर गेली, लगेच या," असा फोन शानखौच्या पोलीस ठाण्यात आला तेव्हा फौजदार युनफांग दिवसाचा पहिला चहा ओतत होत्या. तो तसाच राहिला.

मांजर दगडाची होती. मधाच्या रंगाच्या मऊ दगडात कोरलेली, आणि तिच्या नाकाशी एक फुलपाखरू. आमच्या चिनी भाषेत मांजर म्हणजे 'माओ' आणि फुलपाखरू म्हणजे 'त्ये'. ऐंशी-नव्वदीच्या पिकल्या म्हातारपणालाही 'माओ-त्ये'च म्हणतात. सुछिन आज्जींच्या नवऱ्याने ती तरुणपणी कोरून दिली होती. "तू ऐंशीची होशील तेव्हा मी नसेन, ही असेल," असं म्हणून. माणूस शब्दाचा पक्का, वेळेवर गेला. आणि आज आज्जींची ऐंशी पुरी झाली होती.

आज्जींच्या अंगणात एक कापडी पिशवी उलटी केलेली होती. दोन सदरे, कंगवा, मुलीचा फोटो. शेजारी आल्येन उभी होती. आज्जींना सांभाळायला डोंगरातल्या गावाहून आलेली बाई, तीन वर्षं याच घरात.

"हिचंच काम," वेनताओ म्हणाला. हा आज्जींचा मुलगा. इटलीत खानावळ चालवतो, आईच्या वाढदिवसाला बायकोसह आला होता. "घरात बाहेरचं माणूस एवढं एकच."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"रात्री जेवताना. सकाळी उदबत्ती लावायला गेलो, तर फळी रिकामी."

"घर शोधलंत?"

"पालथं घातलं. आईने मरणानंतर अंगावर घालायला जपलेल्या कपड्यांची पेटी तेवढी सोडली. आजच्या दिवशी तिला कोण हात लावणार?"

युनफांगनी आल्येनकडे पाहिलं. "तू सकाळी काय केलंस?"

"विहिरीवर गेले, भाजी धुतली. मी मांजर घेतली नाही, मॅडम. दर आठवड्याला मीच तिला तेल लावते. घ्यायची असती तर..." तिने बाहीने डोळे पुसले.

लाल जाकीट घालून खुर्चीत बसलेल्या आज्जींनी हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. "रडू नकोस गं. स्वेइ-स्वेइ फिंग-आन."

वर्षानुवर्षं सुखाची जावोत. युनफांगना म्हातारीचं कौतुक वाटलं.

"बघा, ही अशी भोळी," वेनताओ म्हणाला. "या बाईला आजच घालवतो."

"मग आईंकडे कोण बघणार?" त्याची बायको युएछिन चहा आणता आणता म्हणाली.

"ठरलंय ना? हातातून वस्तू पडायला लागल्या की शहरातला वृद्धाश्रम. हल्ली छान असतात. खोलीत टीव्ही."

आज्जींनी आल्येनचं मनगट सोडलं.

तेवढ्यात युएछिनच्या हातून कपावरचं झाकण निसटलं आणि फरशीवर फुटलं. "स्वेइ-स्वेइ फिंग-आन," ती घाईने पुटपुटली आणि तुकडे वेचू लागली. "लाल कागद कुठाय? काल भिंतीवरची अक्षरं कापून एक अख्खा ताव उरला होता. इथेच ठेवला होता मी."

"लाल कागद कशाला?" वेनताओ वैतागून म्हणाला.

"इटलीत सगळंच विसरलास की काय? तुकडे लाल कागदात बांधल्याशिवाय टाकतात का?"

ताव सापडला नाही. युनफांगनी त्या झाकणाच्या तुकड्यांकडे पाहिलं. मग आज्जींसमोर जाऊन उकिडव्या बसल्या.

"आज्जी, पेटी मी उघडू, की तुम्ही?"

आज्जी उठल्या. कोणाचा आधार न घेता आत गेल्या आणि लाल कागदाचं पुडकं घेऊन आल्या. आत मांजर होती आणि वेगळं झालेलं फुलपाखरू. एका पंखाचा भुगा झालेला.

"तुम्हाला कसं कळलं?" वेनताओचा आवाज उतरला होता.

"वर्षालाही आपण 'स्वेइ' म्हणतो आणि फुटण्यालाही. काही फुटलं की अपशकुन टळावा म्हणून तेच शब्द तोंडात येतात. आज्जी ते म्हणाल्या तेव्हा मीसुद्धा वर्षच ऐकलं. पण आज शुभेच्छा घ्यायच्या त्यांनी; आळ आलेल्या बाईला त्या वर्षांच्या शुभेच्छा कशाला देतील? आणि वस्तू चोरीला गेली तर हे कोणी म्हणत नाही. ते शब्द आणि लाल कागद, दोन्ही फुटलेल्या वस्तूसाठी असतात. कागद हरवला होता आणि घरात न उघडलेली पेटी एकच होती."

"पहाटे हातात घ्यावीशी वाटली," आज्जी म्हणाल्या. "त्याने सांगितलं होतं ना, ही असेल म्हणून. बोटांनी दगा दिला. सांगणार होते मी. पण तू आधी आल्येनचं नाव घेतलंस. आणि मला बरं वाटलं, वेनताओ. देवाशपथ, बरं वाटलं. वाटलं, वृद्धाश्रम टळला, घर वाचलं."

आल्येन सदऱ्यांची घडी घालत होती.

"माफ कर, पोरी. जाऊ नकोस," आज्जी तिला म्हणाल्या.

"आज्जी, ते पिशवी उलटी करत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात," आल्येन म्हणाली. "दुसरीकडे तरी बघायचं."

तरीही ती चुलीपाशी गेली. वाढदिवसाच्या लांब शेवया तिने पहाटेच करून ठेवल्या होत्या. त्या उकळून वाडगा आज्जींच्या हातात दिला, वाडग्याखाली सवयीने आपला हात क्षणभर धरला, मग काढून घेतला. पिशवी उचलून ती बाहेर पडली. तिला थांबवायचं तोंड कोणाकडेच नव्हतं.

"खा आई," युएछिन हळूच म्हणाली. "तोडू नका. शेवई तुटली की आयुष्य तुटतं."

आज्जींनी शेवई तोंडात घेतली, दारातून दिसणाऱ्या उताराच्या वाटेकडे पाहिलं आणि दातांनी तोडली.