पडद्यावरची विसावी बाई

जाग यावी, अंगावर कुणीतरी शाल पांघरलेली असावी, आणि घरात पांघरणारं मात्र कुणीच नसावं, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय?

धाकटीच्या बाबतीत झालं होतं. पन्नाशी उलटली तरी नात्यात सगळे तिला धाकटीच म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या आत्याचं तिनं अकरा वर्षं केलं. आत्याच्या पलंगापुढे आठ फळ्यांचा चिनी घडीचा पडदा उभा असे आणि त्याच्या अलीकडे, खुर्चीत, धाकटी. शेवटच्या रात्री तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा आत्या गेलेली होती. आत्याची शाल मात्र धाकटीच्या अंगावर होती.

ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती, ती उठणार कशी? म्हणजे आपणच झोपेत ओढून घेतली असणार, जाणाऱ्या माणसाच्या अंगावरची. हे शल्य तिला आतून कुरतडत राहिलं. शाल तिनं कपाटात कुलूप लावून ठेवली.

पडदा आत्यानं तिच्या नावे केला होता. थोरल्या भावाचा, दादाचा, फोन आला, "विकून टाक. धूळ खातोय नुसता." म्हणून त्या दुपारी पडद्याचं मोल ठरवायला एक म्हातारे पारखी आले.

"ताई, खिडक्या लावून घ्या. याला तिरपा उजेड लागतो."

खोली काळोखली. काळोखाबरोबर आत्याला चोळायच्या निलगिरी तेलाचा तो जुना वासही आला. पारख्यांनी बॅटरी फळीला लावून आडवी धरली आणि एका उडालेल्या टवक्यात भिंगातून डोकावले.

"खाली कापड, त्यावर मातीचा लेप. वर झाडाचा चीक, थरावर थर. मग कोरून रंग भरलेत. अस्सल आहे हो. नक्कल करणारा एवढी हाडं झिजवत नाही. छोटंसं घर येईल याच्या पैशात."

"दादाला सांगितलं तर तो आजच टेम्पो घेऊन येईल," धाकटी म्हणाली. पण हसू काही धड आलं नाही.

"आता माणसं मोजू. जाताना आणि येताना आकडा जुळला तरच मी किंमत लिहितो." त्यांनी बॅटरी खाली ठेवली, डोळे मिटले आणि कोरीव रेषांवरून बोटं फिरवू लागले. "डोळे फसतात. बोटं नाही."

अंगणात बसलेल्या, वारा घेणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या बायका. आणि सगळ्यात आधी मोजलेली, कडेच्या पहिल्या फळीवर, एक खुर्चीत झोपलेली. एकोणीस. धाकटीनं आकडा लिहिला. पारखी उलटे मोजत आले.

"अठरा... ही झोपलेली, एकोणीस..." बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "वीस."

"चुकलं असेल काका."

"हिच्या मागे एक उभी आहे. वाकलेली. हातात काहीतरी पसरून धरलंय..." त्यांचा आवाज खाली गेला. "ताई... ही फळी इथं गरम लागतेय."

धाकटीनं बॅटरी उचलली. झोपलेल्या बाईच्या खांद्यांवर शाल होती. ती घालणाऱ्या म्हातारीचा डावा खांदा उतरलेला होता. आत्याचा होता, तसाच.

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. पण पाय मागे सरेनात. मग डोळेच भरून आले.

"मी ओढली नव्हती," ती पुटपुटली. "तूच घातलीस होय गं मला... आणि मी मेली कुढत बसले."

पारख्यांनी हात हळूच काढून घेतला. बराच वेळ ते बोटं चोळत राहिले.

"किंमत काय लिहू?"

"लिहू नका. विकायचा नाही."

"आणि दादांना काय सांगाल?"

"सांगेन, आत्या अजून वापरतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला जाग आली तेव्हा शाल तिच्या अंगावर होती. कपाटाचं कुलूप तसंच होतं, किल्ली उशाखाली. तिनं उठून पडद्यापाशी जाऊन डोळे मिटले आणि बोटांनी माणसं मोजली, जाताना आणि येताना. दोन्ही वेळा एकोणीसच भरली.