डावीकडची चार बोटं

रामाअण्णांना लिहितावाचता येत नाही, पण गाडीचं वजन पेलणारे पाटे त्यांना कळतात. चाळीस वर्षं ट्रकखाली उताणं पडून गेली. म्हणून पिकअप घ्यायची ठरल्यावर शेजारची अक्षया आधी त्यांच्याकडे आली. आंब्याच्या पेट्या भरून तिला रोज एकटीने घाट चढायचा होता.

"अण्णा, तुम्ही हो म्हटलात तरच घेईन."

म्हणजे पोरीचा जीव आपल्या जिभेवर. अण्णांनी टोपी सारखी केली नि निघाले.

मिरजोळ्याच्या उघड्या कातळसड्यावर, पत्र्याच्या शेडमागे गाडी उभी होती. भर दुपार. मालक हरिश्चंद्र सावलीत थांबला होता, गाडीपासून जरा लांबच.

अण्णांनी घाई केली नाही. ऑइल बोटावर चोळलं, गंज शोधला, डोळे मिटून इंजिन ऐकलं. सगळं बरं. मग झाडूतला एक हीर उपसून त्यांनी तो उजव्या मागच्या चाकावर धरला आणि चाक नि मडगार्डमधल्या फटीएवढा मोडला. तोच हीर डावीकडे नेला. मावेना. चार बोटं फट कमी.

"पाटा बसलाय वाटतं," अक्षया म्हणाली.

अण्णांनी पान्याने ठोकून पाहिलं. मेलेला पाटा बद्द वाजतो. हा खणखणीत वाजला.

"मागं हौद्यात काय हाय रे?"

"काय नाय, बघा की." हरिश्चंद्र जागचा हलला नाही. "पाटे दोनदा बदललेत मी, अण्णा..."

हौदा रिकामाच होता. पाटा वजन कसा घेतो ते बघायला अण्णा वर चढले नि डाव्या कोपऱ्यात टेकले.

गाडी हलकेच डोलली. शेजारची फळी करकरली... मग तिच्या पलीकडची... मग उजव्या कडेची. कोणी सरकून जागा द्यावी तसं. एवढ्या उन्हात ओल्या घोंगडीचा वास आला.

"अक्षया... हीर लाव गो."

"डावीकडे मघासारखंच. चार बोटं कमी."

"नि उजवीकडे?"

ती वाकली नि वाकलेलीच राहिली. "इथंपण मावत नाय अण्णा... मघाशी मावत होता ना?"

अण्णांनी हौद्याची कड घट्ट धरली. पण जन्माची खोड. गाडीत कोणी जागा दिली की दोन शब्द बोलायचे, आपलं गाव सांगायचं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं.

"बरं झालं हो," ते पुटपुटले. "मी खालच्या वाडीतला. विहिरीपाशी घर. एकटाच असतो... या कधीतरी."

बोलून गेले नि त्यांनी जीभ चावली.

ते उतरले. त्यांच्यामागून गाडी पुन्हा एकदा डोलली. अण्णांनी हीर दोन्हीकडे लावला. दोन्हीकडे बरोब्बर मावला. तीनदा लावून पाहिला.

"घे," ते अक्षयाला म्हणाले. "गाडी आता बरी हाय."

"आता म्हणजे?"

हरिश्चंद्र पहिल्यांदाच जवळ आला. हौद्याला हात लावून त्याने अण्णांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"चला, तुम्हाला घरी सोडते," अक्षया म्हणाली.

"नको गो. या गाडीत मी चढलो तर माझ्यामागून आणिक कोणीतरी परत चढेल. पायी जातो."

वाटेत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पडवीत बाज होती. तिची सुंभाची दोरी त्यांनी सकाळीच ताणून बांधली होती. आता डावीकडे ती चार बोटं खाली गेली होती. ओल्या घोंगडीचा वास अंगणापर्यंत येत होता.

अण्णा पायरीपाशीच थांबले.

मग दोरी करकरली, आणि तो खळगा हळूहळू उजवीकडे सरकला.