निरोपाचा शॉट

त्या सकाळी मी नुसता डबे आणायला खाली गेलो होतो. सात डबे होते. पत्र्याचे, चपटे, कडांना गंज चढलेले. दोन-दोन करत तीन जिने चढवून मीच ते वर आणले. उघडायला लागलो तसा खोलीभर व्हिनेगरचा वास पसरला. जुनी फिल्म आतून कुजायला लागली की असाच वास येतो, आमच्या धंद्यात त्याची सवय असते. पण त्या दिवशी त्या वासात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं. तापलेल्या रबराचं. मी खिडकी उघडायला उठलो, आणि मग आठवलं की त्या खोलीला खिडकीच नाही.

काम कसलं ते सांगतो. जुना चित्रपट यंत्रातून स्कॅन करायचा, आणि त्यातली एकेक फ्रेम मोठ्या पडद्यावर घेऊन ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग पुसायचे. सेकंदाला चोवीस फ्रेम. लोकांना घरबसल्या हाय-डेफिनिशन डिस्कवर सगळं लख्ख दिसावं, म्हणून कोणाला तरी काळ्या भिंतींच्या खोलीत डोळे फोडून घ्यावे लागतात. आमच्याकडे तो मी.

हा चित्रपट आला तेव्हा आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई म्हणाल्या, "हा तुझाच. दुसऱ्या कोणाला दिला तर तू मला जन्मभर माफ करणार नाहीस."

खरं होतं ते. लहानपणी मी आणि दादाने तो विज्ञानपट कॅसेटवर इतक्यांदा पाहिला होता की टेप झिजून खालच्या बाजूला एक पांढरी पट्टी नाचायची. त्यातला एक शॉट तर जगभरच्या वेड्यांना पाठ आहे. यानाबाहेर गेलेल्या अंतराळवीराची दोरी तुटते आणि तो काळोखात लांब लांब तरंगत जातो. पावणेदोन मिनिटं. बोलणं नाही, संगीत नाही. फक्त त्याचे दोन्ही हात सावकाश वर येतात, सावकाश खाली जातात. चाहते त्याला 'निरोपाचा शॉट' म्हणतात. त्या हातांवर लोकांनी लेख लिहिलेत. तेवढ्यासाठी मी या धंद्यात आलो, असं म्हटलंत तरी चालेल.

कॅसेटवर त्याच्या हेल्मेटच्या जागी नुसता पांढरा ठिपका दिसायचा. स्कॅनमध्ये तो ठिपका नव्हता. काच होती. आणि काचेच्या आत चेहरा होता.

नायकाचा नव्हे. दुसराच कोणीतरी, पस्तिशीचा, जाड मिशांचा. नायकाऐवजी तारांवर लटकायला घेतलेला माणूस असणार, हे लगेच कळलं. मला गंमत वाटली. मी खुर्ची पुढे ओढली आणि फ्रेम एकामागून एक पुढे घेऊ लागलो.

त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. काच आतून वाफेने धूसर व्हायची, मग निवळायची. पुन्हा धूसर, पुन्हा निवळ. पुढेपुढे तो काहीतरी ओरडत होता. मानेच्या शिरा दिसत होत्या. वाफ कमी होत गेली. शेवटच्या अकरा सेकंदांत वाफ नव्हतीच. तोंड उघडं राहिलं होतं. आणि हात... हात तसेच, सावकाश, सुंदर, वर जात होते, खाली येत होते.

मी दिवा लावला. मालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी शॉट पाहिला आणि म्हणाल्या, "सरांना विचारावं लागेल."

सर म्हणजे त्या चित्रपटाचे दिग्दर्शक. चौऱ्याऐंशी वर्षांचे, ताठ, कडक इस्त्रीचा सदरा, हातात काठी, पण शोभेपुरती. दुसऱ्याच दिवशी आले. शॉट पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"रबरी नळी निसटली होती हवेची," ते म्हणाले. "आमच्या लक्षात आलं तेव्हा निम्मा शॉट झाला होता. खाली उतरवायचं म्हणजे शॉट गेला. असा प्रकाश पुन्हा मिळाला नसता."

"पण सर... शेवटपर्यंत हात हलतायत."

"हात आम्ही हलवत होतो. वरून. तारा होत्या ना मनगटांना." ते किंचित हसले. "तो हलवत होता त्यापेक्षा बरे हलवले आम्ही. बघ नीट."

मी बघितलं. खरंच होतं ते.

"त्यांच्या घरी काय सांगितलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सांगितलं आमच्या माणसांनी काहीतरी. बाई घेऊन पळाला म्हणून. असली माणसं पळतातच, कोणालाही खरं वाटतं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी ज्या माणसाचं नाव मी वहीत गिरवायचो, त्याचा हात. "लोकांनी पन्नास वर्षं ज्या शॉटवर प्रेम केलं, तो त्यांना दे. काचेवर उजेड टाक, चेहरा झाकून टाक. तुझ्यासारखा जाणकार माझ्या हातात तेव्हा असायला हवा होता रे."

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. तो चेहरा पाहिलेला असतानाही आनंद झाला.

मी काचेवर उजेड चढवायला घेतला. निम्मं काम झालं असेल, तेव्हा एक पत्र आलं. डिस्कसोबत छापायला चाहत्यांकडून आठवणी मागवल्या होत्या, त्यात ते होतं. लिहिणारी निवृत्त परिचारिका. तिने लिहिलं होतं : त्या पोशाखात माझे बाबा आहेत. ते शेवटचं काम. नंतर ते आम्हाला सोडून दुसरीबरोबर गेले. आईने त्यांचे सगळे फोटो जाळले. मी त्यांना माफ केलेलं नाही, तरी दर वर्षी एकदा तो शॉट लावते, कारण त्यात ते हात करतात. चेहरा मला आता आठवत नाही. नव्या डिस्कवर दिसेल का?

ते पत्र मी दोनदा वाचलं. मग घडी घालून खणात ठेवलं आणि उरलेलं निम्मं काम पुरं केलं. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर शॉट नऊ फ्रेमनी लांब होता.

वाटलं माझीच चूक असेल. पण त्या नऊ फ्रेम शेवटी होत्या, आणि त्यांत काचेवर उजेड नव्हता. चेहरा होता. तोंड मिटलेलं. मी त्या काढून टाकल्या. पुढच्या दिवशी सत्तर होत्या. मी यंत्रावर जाऊन मूळ निगेटिव्ह हाताने मोजली... तीही तेवढीच लांब झाली होती. रबराचा वास आता डब्यांना नव्हता, माझ्या खुर्चीला होता. त्या सत्तर फ्रेममध्ये त्याचे डोळे उघडे होते आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. कोणी खोलीत आल्यावर आपण दाराकडे बघतो ना, तसा बाजूला बघत होता.

मी त्याही काढल्या. मालकीणबाईंना सांगितलं नाही.

त्यांनी मात्र ते पत्र शोधून काढलं होतं. "या पत्रवाल्या ताईंना बोलावू या, सरही येतील. दोघांची भेट होईल, डिस्कसाठी छान मुलाखत होईल."

"मालकीणबाई, तुम्हाला माहीत आहे काय झालंय ते."

"तू उजेड टाकलायस ना? मग झालं तर."

पत्र लिहिणाऱ्या ताई आल्या दुपारी अडीचला. साठीकडे झुकलेल्या, राखाडी स्वेटर, गुडघ्यावर जुनी पर्स. मी माझं नाव सांगितलं, पाणी दिलं. सरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुझे वडील गुणी होते, बाळ. त्यांनी तुम्हाला असं टाकायला नको होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "नको होतं."

दिवे मालवले. मी शॉट लावला. काळोख, तारे, आणि पांढऱ्या उजेडाचं हेल्मेट घालून तरंगणारा तो. हात वर आले. खाली गेले. ताई पुढे वाकून बघत होत्या.

"चेहरा नाहीच दिसत," त्या हळूच म्हणाल्या.

"काच चमकायची फार," सर म्हणाले.

शॉट संपायला हवा होता. पुढे यानाचा आतला भाग येतो. आला नाही. अंतराळवीर तरंगतच राहिला आणि हेल्मेटवरचा उजेड, माझ्या हाताने फ्रेम-फ्रेम करून लावलेला उजेड, साय बाजूला सारावी तसा सरकला.

ताईंनी श्वास आत घेतल्याचा आवाज मी ऐकला.

"मिशा होत्या बाबांना," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते मी."

त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"बोलतायत ते..." त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या आईला ऐकू यायचं नाही. घरात आम्ही सगळे ओठांवरून समजून घ्यायचो. 'काढा' म्हणतायत. 'हे काढा.' 'खाली घ्या मला.' ... अहो, ते मरतायत. माझे बाबा कुठे गेले नव्हते. ते इथेच मेलेत!"

"बाळ," सर अगदी मायेने म्हणाले, "पडद्यावर नुसता उजेड आहे गं. तुला भास होतोय. हे रोज बघतात, यांना विचार."

सरांना तो दिसत होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मालकीणबाई मान खाली घालून बसल्या होत्या. ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या खांद्यामागे, पडद्यावर, त्या माणसाने मान फिरवली होती. आता तोही माझ्याकडे बघत होता. बाप आणि लेक, दोघं एकाच वेळी.

"सांगा ना," ताई म्हणाल्या. "तुम्हाला दिसतंय ना?"

सरांचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला.

"नुसता उजेड आहे, ताई," मी म्हणालो.

त्या पुन्हा पडद्याकडे वळून बघत राहिल्या, त्यांचे ओठ किंचित हलले. मग पर्सची चेन लावली. "माफ करा हं. वय झालं. कधी कधी होतं असं." उठल्या आणि दाराकडे निघाल्या. पडदा काळा झाला होता.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. माणुसकी म्हणून नव्हे. त्या कोणाला काय सांगतील, याची धास्ती होती. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या, कठड्याला धरून.

"आत एक सांगितलं नाही मी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दवाखान्यात औषधाच्या वेळा सांगतात तसा सरळ आवाज. "बाबा गप्प झाले ना, त्यानंतर परत बोलले. मला विचारत होते."

"काय?"

"तुमच्याकडे बघून विचारलं... 'हा कोण?'"

मी एक पायरी मागे सरकलो.

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "ओठांनीच. तुमचं नाव. आल्या आल्या तुम्ही सांगितलंत तसं, आडनावासकट."

आणि त्या एकेक पायरी करत खाली गेल्या.

त्यानंतर काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. शॉट परत पूर्वीएवढा झाला. एक फ्रेम जास्त नाही, एक कमी नाही. डिस्क निघाली. लोकांनी डोक्यावर घेतली. हेल्मेटवरचा उजेड किती जिवंत आहे, असं एका जाणकाराने लिहिलं. सरांचा मोठा सत्कार झाला, आणि पुढे ते झोपेत गेले, शांतपणे, भरल्या घरात. ताईंना नातेवाइकांनी एका संस्थेत नेऊन ठेवलं. बाबा सिनेमात मेले म्हणून त्या सगळ्यांना सांगायच्या, म्हणून. मालकीणबाईंकडून कळलं मला. मी भेटायला गेलो नाही.

दहा महिने गेले. मी विसरायला लागलो होतो.

काल संध्याकाळी घरी आलो, तर बायको दारातच म्हणाली, "अहो, तुमच्याकडे कोणीतरी आले होते. बराच वेळ बसले."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. तुमचं मात्र पूर्ण नाव घेऊन विचारलं. घशाचं काहीतरी दुखणं असावं बिचाऱ्यांना. नुसते ओठ हलायचे, आवाज फुटत नव्हता. तरी कळत होतं बाई काय म्हणतात ते."

मी पायरीवरच उभा होतो. आतून रबराचा वास येत होता. "काय म्हणाले?"

"विचित्रच. तुम्हाला श्वास किती वेळ धरून ठेवता येतो, असं विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, चांगला धरता येतो. पूर्वी पोहायचे ना. दोन मिनिटं तरी सहज." तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "तर मान हलवून म्हणाले, बरं झालं."