माळमाथ्यावरची दगडरास

टेगिडची कुत्री दगडराशीवरून हलेना, म्हणून हेफिनने दोन दगड बाजूला केले. आत टेगिडचा बूट दिसला. हेफिन धापा टाकत खाली पोलीस चौकीत आला.

वेल्समधल्या त्या उजाड माथ्यावर अशा राशी बऱ्याच. हजारो वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांवर रचलेल्या. मेंढपाळ टेगिड शुक्रवारी धुक्यात बेपत्ता झाला, तेव्हा दलदलीने गिळला असेल म्हणून गाव हळहळून मोकळं झालं होतं.

हवालदार नेरिसने दगड हलवण्याआधी रास निरखली. एक बाजू पूर्वीसारखीच ढासळलेली. दुसरीकडे मात्र, हेफिनने काढलेले दोन दगड सोडले तर, बोट शिरायला फट नव्हती. दगडफूल उगवलेली बाजू बाहेर, लांब टोक आत, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा.

तिने आधी हेफिनलाच चौकशीला बसवलं.

"चराईवरून तुमचं वाजलं होतं ना?"

"वाजलं होतं. जीव घेईन म्हणालो होतो, भर पबमध्ये. म्हणून काय घेतला?"

"तुमच्या कुरणाला कुंपण कसलं?"

"तारेचं. का?"

"दगडी भिंत कधी रचलीय?"

"मी रचली तर मेंढीच्या शिंकेनं पडेल, बाई!"

गावाने मात्र हेफिनला केव्हाच फासावर चढवलं होतं. चौकीबाहेर शिव्या सुरू झाल्या होत्या. नेरिस उठली आणि टेगिडच्या थोरल्या भावाकडे, लहानपणापासून ती काका म्हणत आलेल्या ग्लिनकडे गेली. अंगणात त्याची माळावर फिरायची चारचाकी बाइक उभी होती.

"पुढचा दिवा नवा दिसतोय, ग्लिनकाका."

"फाटकावर आपटली."

"केव्हा?"

"झाले चार दिवस. हेफिनला धरलंस ना?"

"धरायला हवं का?"

ग्लिन बाइककडे वळला. नेरिसला तिथून पळून जावंसं वाटलं.

"प्रेत लपवणारा घाईत दगड लोटून देतो. याने रचले. भिंती घालणाऱ्याच्या हाताला वेडावाकडा दगड ठेववतच नाही, काका. खोऱ्यात असा हात एकच. माझ्या परसाची भिंत त्याच हाताची आहे. धुक्यात गाडीखाली आला का टेगिड?"

ग्लिन पायरीवर बसला.

"प्यायलो होतो गं. दिसलाच नाही."

"लगेच गेला?"

"नाही. थंडी वाजतेय म्हणाला. माझा कोट त्याच्या अंगावर घातला. हात धरून बसलो, संपेपर्यंत."

"फोन नव्हता जवळ?"

"होता." त्याने मान वर केली नाही. "तुझाच नंबर काढला होता. दाबला नाही."