टॉरमॉडचं तळं

ही घटना अक्षरशः खरी आहे. सांगणारी मोराग चर्चमध्ये कधीही खोटं बोललेली नाही. चर्चबाहेरची खात्री तिच्या नवऱ्यानेही दिली नसती.

लुईस बेट. सप्टेंबरातली दुपार.

मोराग आणि तिचा नवरा टॉरमॉड नकाशावाल्या डंकनला दलदलीच्या माळावर फिरवत होते. डंकनला जागांची, बेटाच्या गेलिक भाषेतली, नावं आणि त्यांचे अर्थ हवे होते. टॉरमॉडला दगडन्‌दगड पाठ. हे मर्डोचं तळं. ते इनाचं. जे तळं ज्याला गिळतं, त्याचं नाव घेतं. इतका साधा कारभार.

एका लहानशा तळ्यापाशी डंकनने विचारलं, हे कुणाचं?

"याला नाव नाही," टॉरमॉड म्हणाला. "उपाशी आहे बिचारं."

तेवढ्यात धुकं उतरलं.

टिटव्या गप्प झाल्या...

मग वारा पडला. लुईसमध्ये वारा पडत नाही.

...आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी, वाटसरूला रस्ता सांगावा तसं, शांतपणे गेलिकमध्ये बोललं.

"टॉरमॉडच्या तळ्यावरून डावीकडे."

डंकनने खूश होऊन लिहून घेतलं.

टॉरमॉडने हाक मारली. धुकं विरल्यावर तो पलीकडे जाऊन आला. ओल्या मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं... त्याची स्वतःची सोडून.

दुसऱ्या दिवशी मोरागने त्याचे बूट लपवले. हा माणूस आता माळावर जाता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

गावात आणखी एक टॉरमॉड होता, सुतार. त्यानेही माळावर पाऊल टाकणं सोडलं. चुलीत जळणारी दलदलीची वाळकी माती आणायला बायकोला पाठवू लागला. तीच एकदा ओटच्या गरम भाकऱ्या घेऊन आली आणि मोरागला समजावून गेली, की वयाकडे पाहिलं तर मान तुमच्याच टॉरमॉडचा.

मोरागने भाकऱ्या कोंबड्यांना घातल्या आणि देवाकडे सुताराची शिफारस सुरू केली. रोज. गुडघे टेकून.

फेब्रुवारीत एक गाभण मेंढी परतली नाही. टॉरमॉडने सुताराचेच बूट मागून आणले.

"मरू दे मेंढी," मोराग दारात आडवी उभी राहून म्हणाली. "तू जाऊ नकोस."

"धुक्याचं ऐकून मेंढ्या पाळता येत नाहीत गं. आणि हे बूट चावतायत, लांब जाणारच नाही."

मेंढी संध्याकाळी आपली आपण आली.

टॉरमॉड सापडला दुसऱ्या दिवशी. तळ्यात. पालथा.

सुतार पुन्हा माळावर जाऊ लागला. गाव आता तळ्याचं ते नाव सहज घेतं. मोराग घेत नाही. ती लांबच्या वाटेने जाते, आणि वारा जरा मंदावला की दोन्ही कान दाबून धरते. न जाणो, आता कुणाचं नाव...

पोलिसांनी तळ्यात काठी घालून पाहिली होती.

सगळ्यात खोल जागी पाणी कमरेपर्यंत आहे.